पाव्हण्यायचे बदाम

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वाणाच्या वाट्या शोधायला आईचं लोखंडी कपाट उघडलं, तर सगळ्यात खालच्या खणात, आहेरात आलेल्या आणि कधीच न नेसलेल्या लुगड्यांच्या मागे, मी दिवाळीला आणलेला सुकामेव्याचा डबा निघाला. वरची पन्नी जशीच्या तशी, सोनेरी फीतही तशीच. आत चार कप्पे, बदाम, काजू, अक्रोड, मनुका. पन्नी फाडली तर अक्रोडाला वास लागलेला. अक्रोडातली चरबी फार नाजूक असते, मेव्यात सगळ्यात आधी तोच खवट होतो. आई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर न करताच सांगितलं, "अवं, ते पाव्हण्यायले ठेवलं. कोणी आलं-गेलं तं वाटीत टाकाले होते." कोणता पाहुणा, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे येतात ते मामा, मावशी आणि त्यांची पोरं, त्यांना चहा-चिवडा पुरतो. बदामाची वाटी समोर ठेवावी असा पाहुणा या घरात शेवटचा आला असेल तो दादाच्या सोयरिकीच्या वेळी.

जानेवारीत आमच्याकडे, म्हणजे मंगरूळपीरच्या आसपास, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांच्या ओसरीत हेच काम चाललेलं असतं. उन्हाळी भुईमुगाची पेरणी तोंडावर आलेली असते. यंत्रातून काढला तर दाण्याचं साल सोलवटतं, दाणा दुभंगतो आणि मग तो उगवत नाही, म्हणून बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडायच्या. आई, वहिनी, शेजारची एखादी काकू, मध्ये सूप, बाजूला टोपलं आणि पायांभोवती वाढत गेलेला टरफलांचा ढीग. शेंगेच्या चोचीवर अंगठा दाबला की बारीक 'कट' असा आवाज होतो. अर्धा दिवस ऐकला की तो ऐकू येईनासा होतो. टरफलांची धूळ नाकात जाते, ओठांवर बसते, तिला मातीची चव असते. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलंय, रात्री ती तिथं तेल लावते. भरीव गुलाबी दाणा पायलीत, फुटका वाटीत, चिमलेला सुपाच्या कडेला. फुटके चटणीला, चिमलेले कोंबड्यांना. पायलीतले थायरम चोळून वावरात जाणार, आणि एकदा का औषध लागलं की त्यातला उरलेला दाणा कोंबडीलाही टाकता येत नाही.

त्या दुपारी आईच्या हातातून कितीतरी किलो दाणे गेले, तोंडात एकही गेला नाही.

डब्याला कारण होतं. पावसाळ्यात निंदणाच्या दिवसांत आईला धुऱ्यावरच गरगरलं. तालुक्याला नेऊन दाखवलं तर रक्तदाब चढलेला आणि हिमोग्लोबीन उतरलेलं. गोळ्यांसोबत आहाराचा एक गुळगुळीत रंगीत कागद मिळाला. सकाळी भिजवलेले बदाम, मधल्या वेळी फळ, संध्याकाळी मूठभर सुकामेवा, त्यात अक्रोड असला तर उत्तम. बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या हातात तोच कागद होता, निवृत्त गुरुजींच्याही आणि रोजानं सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईच्याही. चित्रातली एकही वस्तू आमच्या शिवारात पिकणारी नव्हती. वहिनीनं घरी येऊन तो मोठ्यानं वाचून दाखवला. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एवढं खाल्ल्यावर जेवाव कधी मंग?" कागद गजानन महाराजांच्या फोटोमागे गेला. दिवाळीला नागपुरातून निघताना मला तो आठवला, आणि डबा घेतला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर वाचत पडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारतत्त्वं काढली, त्यात दिवसभराच्या ताटात ३५ ग्रॅम कठीण कवचाचा मेवा आणि तेलबिया धरल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २००३ मध्येच पाकिटावर असं छापायला परवानगी दिली की, रोज दीड औंस, म्हणजे साधारण ४२ ग्रॅम मेवा खाल्ला तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. पुरावा निर्णायक नाही, बाकीचा आहारही सांभाळायला हवा, अशा अटी सोबत होत्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सबाया आणि आरोग्य क्षेत्रातले पुरुष मिळून १ लाख १८ हजारांहून अधिक माणसांचा तीस वर्षांचा हिशोब छापून आला. रोज मेवा खाणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी होतं. मेवा खाणारी माणसं सिगारेट कमी ओढतात आणि व्यायाम जास्त करतात, हे संशोधकांच्याही लक्षात आलं होतं आणि तो फरक त्यांनी आकडेमोडीत धरला होता. तरी असल्या अभ्यासातून 'यानंच ते झालं' असं छातीठोक सांगता येत नाही. मला ते पटतं. रोज मेवा घेऊ शकणाऱ्या माणसाच्या घरात आणखीही बरंच काही असतं.

पण या तिन्ही ठिकाणी शेंगदाणा आत धरलेला आहे, हे वाचून मी उठून बसले. तसा तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, तुरी-हरभऱ्याचा भाऊबंद. फूल जमिनीवर येतं आणि शेंग जमिनीखाली धरते. वनस्पतिशास्त्र त्याला बदामाच्या पंगतीत बसवत नाही, आहारशास्त्र बसवतं, कारण त्यातली बरीचशी चरबी त्याच जातीची, हृदयाला मानवणारी. शंभर ग्रॅम दाण्यांत २४-२५ ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच बदामांत १८ ते २१. कॅल्शियम, ई-जीवनसत्त्व आणि चोथा यांत बदाम पुढे आहे. भावातही पुढे आहे. आणि अक्रोडाची ज्यासाठी एवढी ख्याती, ते ओमेगा-३ जवसात अक्रोडाच्या दुपटीहून जास्त असतं.

जवसाची चटणी आमच्या घरी संपलेली मी पाहिली नाही. लोखंडी तव्यावर जवस टाकलं की ते तडतडून उडायला लागतं, घरभर एक जड, किंचित माशासारखा वास पसरतो, मग लाल मिरची, लसूण, मीठ आणि खलबत्ता. जवस अख्खं खाल्लं तर बहुतेक तसंच बाहेर पडतं, कुटलं तरच अंगी लागतं. इथं मोबाइलवरचे आमचे नातलग लगेच लिहितील की, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. आजीला ओमेगा ठाऊक नव्हतं. न कुटता चटणीला चव येत नाही एवढं ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं. पण रक्तदाबाच्या बाईनं मूठभर जवस पोटात जावं म्हणून चटणी खायची ठरवली, तर त्यासोबत मीठ किती जाईल? चटणी भाकरीच्या काठाला लावून खायची वस्तू. तिच्यात कितीही चांगलं असलं तरी ती चमचाभरच.

लहानपणी मूठ वगैरे मोजमाप नव्हतं. मे महिन्यात भुईमूग उपटायचा, पहाटे, ऊन चढायच्या आत, ओलीत दिल्यामुळे जमीन थोडी सैल असताना. वेल हातात आला की मुळांशी पांढऱ्या, मातीनं माखलेल्या शेंगांचा घोस लोंबायचा आणि तो झटकताना माती डोळ्यांत जायची. शेंगा तोडायला गावातल्या बाया यायच्या, मजुरीचा काही भाग शेंगांतच मिळायचा, त्यामुळे त्यांची पोरंही सोबत असायची आणि आम्ही सगळे मिळून बांधाला पऱ्हाट्यांचा जाळ करायचो. शेंगा वेलासकट जाळावर टाकायच्या. पाला आधी फुसफुसायचा, मग शेंगा काळ्या पडायच्या, आणि जळलेल्या टरफलातून निघालेला दाणा अर्धा भाजलेला, अर्धा कच्चा, दुधाळ गोड लागायचा. बोटं, ओठ, फ्रॉक, सगळं काळं. घरी आलं की चुलीवर मोठ्या गंजात मीठ घालून शेंगा उकडलेल्या असायच्या. उकडलेली शेंग दातांनी फोडली की आधी खारं पाणी तोंडात येतं, दाणा मागून. त्या दिवसांत रात्री कोणाचं ना कोणाचं पोट दुखायचंच, मग आजी ओवा चावायला द्यायची. हे सगळं पंधरा-वीस दिवस. नंतर शेंगा वाळून पोत्यात जायच्या, पोती अडत्याकडे, आणि घरात उरायचं ते बियाणं आणि सणावाराचं थोडं.

पावसाळी भुईमूगही तेव्हा असायचा, ज्वारीच्या शेजारी. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि ज्वारी, मूग, उडीद यांच्यासोबत तोही मागे सरला. उन्हाळी तेवढा टिकला, त्यात अकोल्याचा वाटा आहे. तिथल्या कृषी विद्यापीठानं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर टॅग-२४ हा वाण काढला. ट्रॉम्बेचा ट, अकोल्याचा अ आणि ग्राउंडनटचा ग. बाबा त्याला नुसतं 'टॅग' म्हणायचे. बुटका, एकदम तयार होणारा. अणुशक्तीचा आपल्या वावराशी काही संबंध आहे, याचं त्यांना भारी कौतुक होतं, कोणीही भेटलं की सांगायचे. आता अडचण वाणाची नाही, डुकरांची आहे. शेंगा भरल्या की रानडुकरांना वास जातो आणि एका रात्रीत कळप अर्धं वावर उकरून ठेवतो. दादानं झटका मशीन बसवलं, फटाके फोडले, जुन्या साड्या बांधल्या. शेवटी तोच खाट टाकून वावरात झोपतो. तिकडच्या दोन शेतकऱ्यांनी भुईमूग सोडून दिला तेव्हा डुकरांचा सगळा मोर्चा आमच्याकडे वळला. अशा पिकातली मूठभर रोज घरात खायची म्हटलं की दादाच्या डोळ्यांसमोर आधी त्या रात्री येत असणार, हे मला समजतं.

शेंगदाणा घरात नसतो असं नाही. आमच्या जेवणात तो सगळीकडे आहे आणि कुठंच नाही. वांग्याच्या भाजीत कूट, आळणात कूट, ठेच्यात चार दाणे, पोह्यांवर दहा. भाजीचा रस्सा दाट करायला तो लागतो. ताटं वाढताना चमचा खालपर्यंत जातो तो पुरुषांच्या आणि पोरांच्या वाढणीला. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पातळ रस्सा येतो आणि पातेलं पुसून घेतलं तर कुटाचा थर. हे कोणी ठरवून करत नाही. आईला मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती की मले तसंच आवडते, आणि ते खोटंही नसतं. एकच दिवस उलटा असतो, उपवासाचा. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार. त्या दिवशी साबुदाण्याच्या उसळीत भरपूर कूट, भगरीवर दाण्याची आमटी, दुपारी गुळासोबत भाजलेले दाणे. वर्षभरात आईच्या पोटात जे काही दाणे जातात, ते बहुतेक देवाच्या नावानं जातात. मी देवाधर्माची फारशी नाही, पण तिनं उपवास सोडून द्यावेत असं मला कधी म्हणवलं नाही, त्यात या दाण्यांचाही भाग आहे.

गोडंबीची तऱ्हा याहून वेगळी. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी बिब्बे फोडते. टेकडीच्या जंगलातून आलेले काळे बिब्बे पोत्यानं घेते आणि एकेक दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचते. बिब्ब्याच्या तेलाचा थेंब उडाला की कातडी भाजते, फोड येतो, डाग राहतो. हाताला तेल चोळून, वर राख लावून ती बसते, तरी बोटं कोळशासारखी काळी झालीत. इतक्या उपद्व्यापातून निघते ती चिमुकली पांढरट गोडंबी, किंचित गोड, तेलकट, बदामाहून मऊ. काजू, पिस्ता, चारोळी, गोडंबी आणि आंबा, सगळे एकाच कुळातले, आणि काजूच्या टरफलातही असंच भाजणारं तेल असतं. मेळघाटात, गडचिरोलीत भर उन्हाळ्यात चारोळी वेचणाऱ्या बायांनाही ती फोडून, पाखडून, व्यापाऱ्याच्या मापात ओतायची असते. आपल्याला दिसते ती बासुंदीवर. मावशीला मी एकदा विचारलं होतं, तुम्ही गोडंबी कधी खाल्ली? तिनं थोडा विचार केला. "लहान्याच्या वक्ती. बाळंतपणात."

तो लहाना आता ट्रॅक्टर चालवतो.

बाईच्या वाटेला मेवा येतो तो पोटात लेकरू असताना किंवा नुकतंच झाल्यावर. डिंकाचे लाडू, त्यात खारीक, खोबरं, गोडंबी. सरकारची दृष्टीही तीच आहे. २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू झाली, गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं ताजं जेवण, आणि त्या जेवणात शेंगदाण्याचा लाडू आहे. चांगली योजना आहे, मेळघाटासारख्या ठिकाणी अशा ताटाची किंमत मोठी. पण लेकरू अंगावरून सुटलं की लाडूही सुटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबीन कमी निघालं. माझी आई या वयोगटातून केव्हाच बाहेर पडलीय, तिला कोणी मोजतही नाही. अर्थात शेंगदाण्यानं रक्त वाढतं असं सांगून मी तिला फसवणार नाही. त्यात लोह आहे, पण थोडं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा तेवढंही अंगी लागू देत नाही. रक्तासाठी गोळी, पालेभाजी, डाळ हवीच. दाण्यांचं काम वेगळं, प्रथिनं, चांगली चरबी, आणि दुपारी चार वाजता हातपाय गळतात तेव्हा बिस्किटाऐवजी पोटात टिकणारं काहीतरी.

खवट अक्रोडांवरून आमचं थोडं वाजलं. आई म्हणे ऊन दाखवलं की वास जातो. मी म्हटलं, एकदा खवट झालेली चरबी उन्हानं सुधारत नाही, आणखी बिघडते. मी ते उकिरड्यावर टाकले तेव्हा तिचा चेहरा उतरला, एवढ्या महागाचे! पण बुरशीच्या बाबतीत तिचं नाक माझ्याहून पक्कं आहे. ओल लागलेल्या पोत्यातला हिरवट-काळा दाणा ती बघताक्षणी बाहेर काढते, तोंडात कडू लागला तर थुंकायला लावते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा कारण सापडलं ते त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर जातं, आणि भाजल्यानंही पूर्ण मरत नाही. शेंगा फोडायला सोप्या जाव्यात म्हणून काही जणी वरून पाणी शिंपडतात, तिथून ही बुरशी सुरू होऊ शकते. आई कोरड्याच फोडते. म्हणून नख चिरतं.

पेंडीवरून आठवलं. गावात लाकडी घाणी होती तेव्हा दाणे घेऊन आम्ही तिथं जायचो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि त्यांचे सहकारी, अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी तिथं घाणीच्या तेलाचा आग्रह धरला, पण आमच्या घाणीवाल्याला त्यातलं काही माहीत नसावं, त्याचा बाप हेच करायचा म्हणून तोही करायचा. तेल माणसांना, पेंड बैलांना. म्हणजे दाण्यातली सगळी प्रथिनं बैलांना. घाणी बंद पडली, आता पाकिटातलं सोयाबीन तेल येतं आणि बैलही नाहीत. गांधीजींना शेंगदाणा इतका प्रिय की १९१८ च्या सुमाराला त्यांचं मुख्य खाणं दाण्याचं लोणी आणि लिंबू होतं. ते जास्त झालं आणि हगवण लागून पुढे जिवावर बेतलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मूठभर म्हणतात ते उगीच नाही.

आमच्या भागातले पुरुष मात्र रोज मूठभर खातात. सुपारी. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून तळहातानं घोटघोट घोटायचा, बसस्टँडवर, पारावर, वावरात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा अजून पानठेल्यावर घोटून मिळतो. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच सांगितलंय. दादाचं तोंड आता पूर्वीसारखं मोठं उघडत नाही. आम्ही सगळे ते बघतो आणि त्याबद्दल बोलत नाही. मेव्याला पैसा कुठून आणावा, असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या खिशातल्या पन्नीचा आवाज येत असतो.

वहिनीनं हिशोब मांडला तो संक्रांतीच्या रात्री, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, तिळगुळाचा पाक आटत असताना. मी नुसता आकडा सांगितला होता. घरात माणसं पाच. माणशी तीस ग्रॅम म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम, वर्षाला पंचावन्न किलोच्या आसपास दाणे. शंभर किलो शेंगांत पासष्ट-सत्तर किलो दाणे निघतात, म्हणजे शेंगा ऐंशी-पंच्याऐंशी किलो. "तीन पोते," ती म्हणाली आणि कढईत उलथणं फिरवलं. एकरभर भुईमुगात आठ-दहा क्विंटल होतात, त्यातली तीन पोती. आई म्हणाली, दाण्यानं पित्त होते. वहिनी म्हणाली, उपाशी राह्यल्यानं होते. धाकट्याला अजून अख्खे दाणे देत नाहीत, घशात अडकायची भीती, त्याला कूट आणि गूळ. हे सगळं ठरलं असं कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंगा फोडणं सुरू झालं आणि फुटक्या दाण्यांच्या वाटीतले दोन-चार वहिनीनं आईच्या हातावर ठेवले. आईनं ते पदराला बांधले. नातवासाठी असणार.

बदाम-काजूंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी ते वाट्यांत काढून चुलीजवळच्या फळीवर ठेवले, म्हणजे जाता-येता दिसतील. पुढच्या खेपेला वाट्या रिकाम्या होत्या. पोरांनी संपवले, असं आईनं अभिमानानं सांगितलं.

जूनच्या तोंडावर सुट्टीत गेले तेव्हा अंगणात व्यापाऱ्याचा टेम्पो लागलेला, काटा मांडलेला, हमाल पोती उचलून आणत होते. आभाळ भरून आलं होतं, म्हणून सगळ्यांची घाई. माजघराच्या दारात वहिनी उभी, तिच्या मागे भिंतीला टेकवलेली तीन पोती. दादानं आधी नुसतं पाहिलं. मग म्हणाला, "ते बी काढ नं. भाव बरा हाय औंदा."

"ते नाही द्यायचे. घरी खायाचे हायेत."

"तीन पोते? बियाण्याचं धरून?"

"बियाण्याचं येगळं ठेवलं."

"पाच हजाराचा माल हाय तो."

"हो का. अन् दिवसाचे दोन खर्रे, वीस-वीस रुपयाचे, सालभराचे किती होतात? सांगू?" तिनं कमरेचा मोबाइल काढला. मापारी हसायला लागला, तो स्वतः गालात खर्रा धरून होता. आई ओट्यावरून ओरडली, पाऊस येऊन रायला, भांडण मंग करा. दादा काट्याकडे वळला, दोन पावलं गेला, परत वळला.

"तीन पोते शेंगा खाऊन हागवण लागीन साऱ्यायले."

"लागू द्या," वहिनी म्हणाली आणि हमालाला पुढचं पोतं काट्यावर घ्यायला सांगितलं.